छोटी माता, मोठी माता

आमच्या नागपुरात लेकराच्या अंगावर कांजण्या उठल्या की 'माता आली' म्हणतात. मग कडुलिंबाचा पाला उशाशी येतो. आमच्या मोहल्ल्यातही येतोच. ही छोटी माता. मोठी म्हणजे देवी. तिने जीव घेतले, वाचलेल्यांचे चेहरे व्रणांनी भरले, कित्येकांचे डोळे नेले.

देवीची लस मुंबईत 1802 साली पोहोचली आणि तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला टोचली गेली. पुढे सव्वाशे वर्षे उलटली तरी 'टोचावी की नाही' हा वाद मिटला नव्हता. खुद्द गांधीजी विरोधात होते. वासरांच्या अंगावरच्या फोडांतून काढलेली ती लस टोचून घेणे त्यांना गोमांस खाण्यासारखेच वाटे. 1930 च्या आरंभी साबरमती आश्रमात देवी आल्या आणि तीन मुले दगावली. त्यांत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. खरे हे पलुस्करांचे शिष्य. आश्रमातली प्रार्थनेची गाणी त्यांनीच बसवली. 12 मार्चला दांडीयात्रा निघाली, तेव्हा हा बाप ते ताजे दुःख घेऊन चालत होता. गांधीजींविषयी मला नितांत आदर आहे. तरी त्यांच्या या मताचा हिशेब त्या तीन लेकरांना वगळून मांडता येणार नाही.

देवी 1980 मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. कांजण्या आहेत. जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी त्यांची लस 1974 मध्ये तयार केली. आपल्याकडे ती सरकारी लसीकरणात नाही. खासगी दवाखान्यात पैसे मोजून मिळते. लहानपणी कांजण्या बहुधा सौम्य असतात, हे खरेच. पण तरुणपणी त्या जड जातात, न्यूमोनियापर्यंत नेतात. आणि इथेच गोम आहे. 80 टक्क्यांहून कमी मुलांना लस मिळाली, तर उरलेल्यांना हा रोग मोठेपणी गाठू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना बजावते. म्हणजे ऐपतवाल्याचे मूल सुटते आणि मोमिनपुऱ्यातल्या मजुराची मुलगी ऐन बाळंतपणाच्या वयात सापडते.

म्हणून ही लस सरकारनेच द्यावी, असे माझे मत. तोवर घरातल्या ज्या मुलीला तेराव्या वर्षापर्यंत कांजण्या झाल्या नसतील, तिच्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. त्या वयात चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि गरोदरपणी ही लस देता येत नाही.