बंगळूरने ‘नाही’ म्हटलं, तरी कमला भागवत हटल्या नाहीत

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात बीएस्सी-एमएस्सी करणारं कुणी असेल तर वाचाच.

दुर्गाबाई भागवत सगळ्यांना माहीत. त्यांची धाकटी बहीण कमला १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन उत्तम गुणांनी बीएस्सी झाली. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएससीत शिकलेले. तिनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. गुणांचा प्रश्नच नव्हता, मुलगी म्हणून नकार.

कमला गप्प बसली नाही. थेट रामन यांच्यासमोर गेली, कारण विचारलं आणि सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! हा अपमान तिच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. पण श्रीनिवासय्यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर असं काम केलं, की रामन यांनाही मत बदलावं लागलं. पुढे तिथे मुलींना दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे जागेचीच अडचण. डेरेक रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञाने आपलं टेबल तिला दिवसा वापरायला दिलं, असं सांगतात. १९३९ मध्ये ती डॉक्टर झाली आणि त्याच वर्षी मायदेशी परतली.

लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. आपल्या पालघर पट्ट्याला नीरा काय नवी आहे? पण तिच्यात काय गुण आहेत, हे प्रयोगशाळेत तपासायला कमलाबाईंसारखी माणसं लागली. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला.

हे आज सांगायचं कारण असं. आमच्या मनवेलपाड्यातली मुलं विचारतात, ‘दादा, पीएचडीला वशिला लागतो का हो?’ कमलाबाईंच्या घरी निदान कुठे अर्ज करायचा हे सांगणारे दोघे होते. आपल्याकडे बऱ्याच घरांत पदवीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच पोर असतं. त्याला सांगायचं कुणी?

म्हणून थोडक्यात सांगतो. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली, तर महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडी हा नुसता घरचा खर्च नाही. गेट, जेस्ट हे आणखी रस्ते. संशोधन प्रकल्पांतल्या तात्पुरत्या जागांच्या जाहिराती संस्थांच्या वेबसाइटवर लागतात, त्या बघत राहा. प्राध्यापकांना मेल करताना सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचा, त्यावर दोन ओळी लिहा आणि जागा आहे का ते सरळ विचारा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी परत विचारा. त्यात लाज कसली?

चर्चगेटला उतरलं की इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टीआयएफआर कुलाब्याला, आयआयटी पवईला. विरार लोकलला लटकून नोकरीला जाणारी आपली माणसं रोज यापेक्षा जास्त हाल सोसतात.

नकार रामन यांच्यासारख्या माणसाकडूनही येतो. तरी कारण विचारायचं, आणि पुढचा अर्ज टाकायचा.

ओळखीत असं कुणी शिकत असेल, तर ही पोस्ट त्याच्यापर्यंत पोचवा.