आयन-संवेदन, स्पार्क इग्निशन एंजिनांतील (घरगुती बांधणी)

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटले की नाही, केव्हा पेटले आणि कसे जळले, हे स्पार्क प्लगच्याच फटीतून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून ओळखण्याची पद्धत. ज्वालेत आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन तयार होतात, म्हणून एरवी वीज न वाहणारी ही फट काही मिलिसेकंद वाहक बनते. ठिणगी विझल्यावर फटीवर ८० ते १०० व्होल्ट ठेवले की काही मायक्रोअँपिअर प्रवाह मिळतो. त्यासाठी सिलिंडर हेडला वेगळे भोक पाडावे लागत नाही. मोजणारा आधीच आत बसलेला आहे, आणि हीच या पद्धतीची खरी श्रीमंती. स्वीडनच्या साब कंपनीने १९९३ पासून ट्रायोनिक प्रणालीत प्लगकडून मिसफायर (मिश्रण न पेटणे) आणि नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप होणारा भडका) या दोन्हींची खबर मिळवली.

घरगुती प्रयोगासाठी आधी योग्य एंजिन निवडावे लागते, आणि त्यासाठी एकाच मुलखाकडे पाहिले तरी पुरते. पवारांच्या धार आणि देवास या मराठी संस्थानांच्या मुलखात वाहनांचा मोठा पसारा उभा राहिला तो १९८०च्या दशकात, धार जिल्ह्यातील पीथमपूरला. आयशर आणि बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) यांचा भर डिझेलवर. डिझेल एंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. देवासची ओळख गजरा गिअर्सचे गिअर आणि किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप यांची. पेट्रोलची बाजू पीथमपूरने दोन ठिकाणी सांभाळली. हिंदुस्थान मोटर्सने इसुझूच्या रचनेची १.८ लिटरची एंजिने बनवली, ती काँटेसा आणि अँबॅसडरमध्ये बसली. दुसरीकडे नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर स्कूटर काढली : टू-स्ट्रोक, ९८ सीसी, बटनस्टार्ट, बिनगिअरची. हा कारखाना २००८ मध्ये महिंद्राकडे गेला आणि २०१८ पासून जावा मोटरसायकली तिथेच बनू लागल्या. घरी प्रयोग करणाऱ्याने या सगळ्यांतून जुनी कायनेटिक होंडा निवडावी. एकच सिलिंडर, एकच प्लग, सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारे) इग्निशन, आणि प्लगपर्यंत हात सहज पोहोचतो.

सर्किटचा गाभा कॉईलच्या सेकंडरीच्या खालच्या टोकाशी असतो. हे टोक एरवी थेट अर्थला जाते. ते सोडवून एका कपॅसिटरच्या धन टोकाला जोडतात. ०.२२ मायक्रोफॅरडचा चांगल्या प्रतीचा फिल्म कपॅसिटर पुरतो. त्याला समांतर ८० ते १०० व्होल्टचा झेनर डायोड येतो. कपॅसिटरचे ऋण टोक दोन वाटांनी अर्थला जाते : एक साधा डायोड, आणि त्याला समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर. ठिणगीचा प्रवाह कॉईलमधून येऊन कपॅसिटर भरतो आणि डायोडमधून अर्थला उतरतो. झेनर कपॅसिटरला ठरल्या व्होल्टेजच्या वर जाऊ देत नाही. ठिणगी संपली की भरलेला कपॅसिटर उलट दिशेने प्लगला व्होल्टेज देतो. आता डायोड बंद असतो, म्हणून आयनांच्या प्रवाहाला रेझिस्टरमधूनच जावे लागते. १० मायक्रोअँपिअरला १ व्होल्ट. हे व्होल्टेज अर्थच्या खाली, म्हणजे ऋण असते, तेव्हा पुढे उलटवणारा ऑपअँप लागतो. वेगळा बायस सप्लाय लागत नाही, कारण ठिणगीच आपल्या मागची बॅटरी भरून ठेवते. मात्र प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडवरची ठिणगी ऋण असली पाहिजे. ती उलटी असेल तर कपॅसिटर भरणारच नाही.

अडचण कॉईलची आहे. स्कूटरच्या कॉईलमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीची खालची टोके सहसा आतच एकत्र जोडून लोखंडी गाभ्याला टेकवलेली असतात. ती कापून सोडवण्याचा खटाटोप करू नये. सेकंडरीच्या अर्थची पिन वेगळी असलेली कॉईल घ्यावी. काही कॉईल-ऑन-प्लग प्रकारांत ती मिळते. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत दुसराच पेच पडतो. रोटर आणि कॅपमधली फट ठिणगी उडी मारून ओलांडते, पण ८० व्होल्टना ती ओलांडवत नाही. मग प्रत्येक प्लगला हाय व्होल्टेज डायोडची माळ लावून व्होल्टेज थेट प्लगवर द्यावे लागते. ठिणगीप्रमाणे हे व्होल्टेजही ऋणच ठेवावे लागते, नाहीतर डायोड ठिणगी गिळून टाकील. ऋण इलेक्ट्रोडकडे जड आयन येतात आणि त्याचा पृष्ठभागही लहान, म्हणून सिग्नल आणखी बारीक होतो.

ऑसिलोस्कोपवर आधी ठिणगीचा गोंगाट दिसतो, मग कॉईलची थरथर, आणि त्यानंतर दोन उंचवटे. पहिला ज्वालेच्या आघाडीचा. जळणातील रासायनिक अभिक्रियांतून आयन निघतात, त्यांत हायड्रोनियम प्रमुख. दुसरा उंचवटा जळून गेलेल्या वायूचा. सिलिंडरमधला दाब चढतो, तापमान वाढते आणि विशेषतः नायट्रिक ऑक्साइडचे आयनीभवन होते. हा उंचवटा दाबाच्या शिखराजवळ येतो, म्हणून टायमिंग जुळवायला त्याचा उपयोग होतो. स्वीडनमधील लिंशॉपिंग विद्यापीठात १९९०च्या दशकात एरिक्सन आणि नील्सन यांनी नेमके हेच केले. घरगुती बांधणीत पहिला उंचवटा अनेकदा ठिणगीच्या सावलीत बुडतो. ३००० आरपीएमला १ मिलिसेकंद म्हणजे क्रँकचे १८ अंश. साध्या कॉईलची ठिणगी दीड मिलिसेकंद टिकली तर २७ अंश वाया गेले. सीडीआयची ठिणगी याहून बरीच आखूड असते, हे कायनेटिक निवडण्याचे आणखी एक कारण.

या स्कूटरवर पद्धतीचे चीज होते ते आयडलिंगला. टू-स्ट्रोक एंजिन मंद फिरताना आतला जळका वायू पुरता बाहेर पडत नाही. ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, पण मिश्रण प्रत्येक वेळी पेटत नाही. कानाला नुसती अडखळती ठकठक ऐकू येते. पडद्यावर मात्र एका ठिणगीमागे टेकडी उभी राहते आणि पुढच्या एक-दोन ठिणग्यांमागे रेष सपाट जाते. गाडी 'मिसिंग मारते' म्हणून आणली जाते तेव्हा दोष ठिणगीचा की मिश्रणाचा, हे यातून समजते. ठिणगीचा गोंगाट आहे आणि टेकडी नाही, तर कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर पाहावा. गोंगाटच नाही, तर सीडीआय, कॉईल आणि वायरिंग. नव्याने बांधणाऱ्याने एवढ्यावर काही आठवडे काढावेत आणि दाबाचे आकडे काढायला धावू नये. उंचवट्याची उंची मिश्रण, तापमान, प्लगची फट, इंधनातील इथेनॉल, सगळ्यांनी हलते आणि एका फेरीची दुसरीशी जुळत नाही.

टू-स्ट्रोकचा शत्रू म्हणजे काजळी. पेट्रोलमधल्या ऑइलने प्लगच्या चिनीमातीवर काळा थर बसतो आणि त्यातून प्रवाह गळतो. मग ज्वाला नसतानाही रेष वर उचललेली राहते. नवशिक्या हे आयन समजून बसतो. एंजिन बंद असताना प्लगची गळती मोजून ठेवली की चूक कळते. प्लगमधला ५ किलोओहमचा रेझिस्टर मात्र राहू द्यावा. ज्वालेचा रोध मेगओहमांत असल्याने त्याने मोजणीत फरक पडत नाही, आणि गोंगाट कमी होतो.

नॉकिंग दुसऱ्या उंचवट्यावर बारीक दातऱ्यांसारखे उमटते. त्याची वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर ठरते : ८० मिलिमीटरच्या कार एंजिनात सुमारे ७ किलोहर्ट्झ, ५० मिलिमीटरच्या दुचाकीत ११च्या आसपास. कारसाठी लिहिलेला फिल्टर स्कूटरला लावला तर नॉकिंग गाळले जाते.

बांधणी करताना अर्थची एकच जागा ठेवावी, सिलिंडर हेडजवळ. मोजणीचा भाग पत्र्याच्या डबीत बंद करावा आणि ऑसिलोस्कोप बॅटरीवर चालवावा. सीडीआयच्या कपॅसिटरवर शेकडो व्होल्ट असतात आणि प्लगच्या वायरवर हजारो. हात घालण्यापूर्वी एंजिन बंद करून दोन्हींचा चार्ज अर्थला उतरवावा. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने जवळ थांबू नये, आणि एंजिन बंद खोलीत चालवू नये.