काखेतले मूल आणि हजेरीपट



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याच हाताखाली मी शिक्षक म्हणून घडलो. इतिहास हा माझा विषय. निपाणीचा इतिहास म्हटला, की १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन ही प्रकरणे आपसूक पुढे येतात. मला आज वेगळ्याच प्रकरणाविषयी बोलायचे आहे. त्याचे दप्तर कोणत्याही कचेरीत नाही. नोंद असलीच तर ती शाळेच्या हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणांत आहे.

वखारीत तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची ती बायांनी. त्या खकाण्यात तान्हे मूल नेणार कसे? घरात आजी असली तर प्रश्न मिटे. नसली, तर सात-आठ वर्षांची थोरली मुलगी त्या बाळाची आई होई. १९८० च्या सुमारास या बाया संघटित झाल्या, त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली चित्रपटही काढला. परंतु त्यांच्या मागे घरी राहिलेल्या या लहानग्या आयांचा इतिहास कोणी लिहिला नाही. मीही लिहिला नाही. उलट थोडा पुसलाच.

मी नोकरीला नवा होतो. तिसरीतील एक मुलगी काखेत भाऊ घेऊन वर्गाच्या दारात उभी राही. तो रडू लागला की पाठ मोडे. एके दिवशी मी तिला म्हणालो, "त्याला घरी ठेवून ये." ती म्हणाली, "घरी कुनी न्हाई, गुरुजी." त्यानंतर ती आली नाही. यथावकाश मी तिचे नाव पटावरून कमी केले. नियमाप्रमाणे ते बिनचूक होते.

बालपणीच्या अनुबंधाचा शास्त्रीय विचार मी फार नंतर वाचला. १९५१ साली जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. पहिल्या वर्षांत बाळाला आईचा, अथवा आईच्या जागी कायम असणाऱ्या व्यक्तीचा, ऊबदार आणि अखंड सहवास हवा, हे त्याचे सार. पुष्कळांनी त्यातला 'अथवा' वगळून वाचले आणि आईने घर सोडू नये असा अर्थ काढला. आमच्या वखारीतल्या बाईने तो ऐकला असता तर तिने एवढेच विचारले असते, की मग चूल कशावर पेटवायची? खुद्द बोल्बी दाईच्या हाती वाढले होते आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास ती सोडून गेली, याचे दुःख त्यांना जन्मभर होते.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत २६ घरांतील २८ बाळांचे निरीक्षण केले. तेथील आयाही शेतात राबत. बाळांचा जीव आईवर होताच, पण बापावर, आजीवर, भावंडांवरही जडलेला दिसला. बाळाची हाक ओळखून तिला ओ देणारे माणूस जवळ असणे, हे महत्त्वाचे ठरले. पुढे अमेरिकेत मिनेसोटा येथे १९७० च्या दशकात गरीब घरांतील बाळांचा अभ्यास सुरू झाला आणि तो त्यांच्या प्रौढपणापर्यंत चालला. ज्यांना आरंभी भरवशाचे माणूस लाभले होते, ती मुले पुढे शाळेत अधिक स्वावलंबी आणि मैत्रीत अधिक मोकळी आढळली. पण शैशव म्हणजे ललाटरेषा नव्हे, हेही त्यातूनच दिसले. लहानपणी मार खाल्लेल्या ज्या स्त्रियांनी आपल्या मुलांवर मात्र हात उगारला नाही, त्यांच्यातील अनेकींना बालपणी जीव लावणारे दुसरे कोणी मोठे माणूस भेटले होते.

हे वाचताना मला काखेतला तो भाऊ आठवला. तो शिकला, नोकरीला लागला. त्याच्या लग्नाला मी गेलो होतो. अक्षता पडल्यावर त्याने पहिला नमस्कार थोरल्या बहिणीला केला, नंतर आईला; आणि आईला त्यात काही वावगे वाटले नाही. बहीण तोवर वखारीत लागली होती. "वळखलं का, गुरुजी?" असे तिने हसून विचारले. मला हसता आले नाही.

उपाय कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघराची सक्ती होती. १९७६ मध्ये ती मर्यादा तीसवर आली. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, त्यातही पाळणाघर होते. पण घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत ते कलम पोचण्यासारखे नव्हते. मला अधिक मोलाचे वाटते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले ते कार्य पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. धाकट्यांना सांभाळावे लागते म्हणून थोरली मुले शाळेत येत नाहीत, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. मुलीला घरातून सोडवण्याऐवजी तिच्या काखेतल्या मुलालाच शाळेत जागा दिली. दिसायला केवढी साधी गोष्ट!

पट कमी केल्याचे मी गुरुजींना सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त ते मूल किती महिन्यांचे होते असे विचारले. मला ते सांगता आले नाही. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मागच्या व्हरांड्यात तुळईला जुन्या धोतराच्या दोन झोळ्या टांगलेल्या होत्या. त्या वर्षी तीन मुली आपापली भावंडे घेऊन आल्या. ती मात्र आली नाही.