आपोआप बदलणारे गिअर : एका जुन्या पिकअपच्या निमित्ताने

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारला आमचे एक शिक्षकमित्र राहतात. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये 1951 सालची शेवरले पिकअप उभी आहे. तेव्हा हे गाव हैदराबाद राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होते; हिंगोली जिल्हा झाला तो 1999 मध्ये. मित्राच्या वडिलांनी या गाडीतून वर्षानुवर्षे हळद आणि कापूस वाहिला. मित्रांना ती पुन्हा चालती करायची आहे, पण एका अपघातानंतर त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे क्लच दाबता येत नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्यांना दोन जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दाखवले, एक तीन गिअरचा, दुसरा चारचा. गावातल्या मेकॅनिकचे मत पडले की चारचा घ्यावा, एक गिअर जास्त आहे. मित्रांनी आम्हाला विचारले.

उत्तर शोधताना आम्हाला थेट 1905 सालापर्यंत मागे जावे लागले. जर्मनीतल्या हेरमान फ्योटिंगर या अभियंत्यापुढे तेव्हा जहाजाचा प्रश्न होता. वाफेचे टर्बाइन वेगाने फिरते, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. त्याने दोघांना दातेरी चाकांऐवजी द्रवाने जोडले. वर्गात हे सहज दाखवता येते. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसरा वाऱ्यानेच फिरू लागतो. तो हाताने धरून थांबवला तरी पहिला बंद पडत नाही. म्हणूनच अशी जोडणी असलेली गाडी गिअरमध्ये असूनही सिग्नलला उभी राहू शकते. दोन पात्यांमध्ये तेलाची दिशा वळवणारे तिसरे चक्र बसवले, की निघताना फिरवण्याची ताकद सुमारे दुप्पट होते. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

मोटारीत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आणली ती जनरल मोटर्सने. अर्ल थॉम्पसन यांच्या गटाची ‘हायड्रामॅटिक’ पेटी 1939 मध्ये जाहीर झाली आणि 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, नुसती द्रवजोडणी होती. ताकद वाढत नसल्यामुळे ती उणीव चार गिअरांनी भरून काढावी लागली. महायुद्धात हीच पेटी अमेरिकन रणगाड्यांतही गेली. (1953 च्या ऑगस्टमध्ये लिव्होनियाचा तिचा कारखाना जळून गेला आणि काही काळ कंपनीला आपल्याच गाड्यांत दुसऱ्या पेट्या बसवाव्या लागल्या. गिअरबॉक्स बदलण्याची पाळी खुद्द निर्मात्यांवरही आली होती तर!)

शेवरलेच्या हलक्या ट्रकांवर हायड्रामॅटिक मिळू लागली 1954 मध्ये. गंमत अशी की, आपल्याकडे 1928 पासून शिवडीला मोटारींची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने, देशातच भाग बनवण्याचे सरकारी धोरण आल्यावर, त्याच सुमारास काम गुंडाळले.

आता मित्रांपुढच्या दोन पेट्यांकडे वळू. तीन गिअरची 1969 च्या रचनेची आहे. चार गिअरची 1982 ची, म्हणजे तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी केलेली. तिच्या चौथ्या गिअरचे गुणोत्तर 0.70 आहे. या पिकअपच्या मागच्या आसाचे गुणोत्तर 4.11 आणि चाकाचा परीघ सुमारे 2.2 मीटर. ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 606 फेरे घेते, म्हणजे सरळ गिअरमध्ये इंजिनाचे 2490 फेरे. चौथ्या गिअरमध्ये ते 1740 वर येतात. हे इंजिन साडेतीन लिटरचे, पांढऱ्या धातूच्या ओतीव बेअरिंगांचे. त्याला फार पळवणे बरे नाही, तेव्हा मेकॅनिकचे म्हणणे चूक नव्हते.

पण या गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा दांडा एका बंद नळीत फिरतो आणि नळीचे पुढचे टोक जुन्या गिअरबॉक्सलाच जखडलेले असते. कोणतीही नवी पेटी बसवायची तर नळी जाते, तिच्याबरोबर मागचा आसही जातो. आस बदलायचाच आहे तर 3.73 चा घ्यावा. 80 ला फेरे 2260 वर येतात. गावच्या रस्त्यावर ताशी 50 पुढे कोण जाणार?

निर्णय झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. गिअर कधी बदलायचा हे अशा पेटीला कसे कळते? तिच्यात तेलाचे दोन दाब झुंजतात. एक गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, तो फिरणाऱ्या वजनांमुळे. दुसरा सांगतो इंजिनावर भार किती. तीन गिअरच्या पेटीत ही बातमी इंजिनाच्या निर्वातातून एका रबरी नळीने येते. नळी फाटली तर पेटीला वाटते की भार फार आहे; ती दाब वाढवते, गिअर उशिरा आणि धक्के देत पडतात. चार गिअरच्या पेटीत बातमी ॲक्सिलरेटरला जोडलेल्या केबलने येते. ती ढिली बसली तर दाब कमी राहतो, आतले क्लच घसरतात आणि निमूटपणे जळतात. जवळपास ऑटोमॅटिकचा मेकॅनिक नसेल तिथे बिघडल्यावर बोंब मारणारी पेटी बरी. शिवाय चारच्या पेटीतल्या विजेच्या झडपेला 12 व्होल्ट लागतात, गाडीत आहेत 6.

तीनची घ्या, असे आम्ही कळवले. जुन्या इंजिनाशी जोडायला मध्ये एक जोडपट्टी घडवून घ्यावी लागेल, हेही लिहिले. आणखी एक गोष्ट सांगणे भाग होते. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. सांगाड्यात मोठा फेरबदल चालत नाही. नवी पेटी बसवायला सांगाड्याची एक आडपट्टी हलवावी लागते. व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर आणताही येत नाही. म्हणजे वडिलांची गाडी जशीच्या तशी जपायची की स्वतः चालवायची, यातले एकच निवडावे लागणार.

मित्रांचे उत्तर आठ दिवसांनी आले. गाडी चालवायची ठरली आहे. नवी आडपट्टी वेल्डिंगऐवजी बोल्टने बसेल. जुना गिअरबॉक्स, नळी आणि आस ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून शेडमध्येच राहतील. फेरबदलाच्या संमतीसाठी परिवहन कार्यालयात अर्ज दिला आहे. 3.73 चा आस अजून मिळालेला नाही.