बंगळूरचे चंदन आणि दाहाचे शास्त्र

उन्हाने भाजलेल्या कातडीला, घामोळ्यांना किंवा तापाने तळमळणाऱ्या रुग्णाच्या कपाळाला चंदनाची उटी लावण्याचा परिपाठ आपल्या घरांतून इतका जुना आहे की, त्यामागे काही रसायन असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. देव्हाऱ्यापाशी ठेवलेले खोड सहाणेवर पाण्याच्या चार थेंबांनिशी उगाळावे, गंध देवाला लावावे आणि उरलेले दाट गंध वाटीत काढून दुखऱ्या जागी जाडसर थापावे, एवढीच ती विद्या. परंतु चरकसंहितेने दाहप्रशमन करणाऱ्या दहा द्रव्यांत चंदनाची गणना केली, तेव्हा तिच्यामागे अशाच अनुभवाची पुण्याई असली पाहिजे.

राज्यकर्त्यांनी मात्र या वृक्षाकडे पाहिले ते महसुलाच्या दृष्टीने. टिपू सुलतानाने १७९२ च्या सुमारास चंदनाला राजवृक्ष ठरविले, आणि पुढे म्हैसूरच्या वाडियार राजांच्या अमदानीतही हा दंडक चालू राहिल्यामुळे, रयतेच्या बांधावर आपसूक उगवलेले झाडसुद्धा सरकारचेच समजले जाई. सरकारी कोठ्यांतून मालाची प्रतवारी होई, लिलाव पुकारला जाई, आणि बरेचसे लाकूड जहाजांतून जर्मनीस रवाना होऊन तेथे त्याचे तेल निघे. १९१४ साली महायुद्ध पेटले, ही वाट बंद झाली, आणि म्हैसूरच्या कोठ्यांत माल पडून राहिला.

त्या वेळी संस्थानचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नाशिकपासून पुण्यापर्यंत मुंबई इलाख्याची चाकरी केलेल्या या अभियंत्यास आणि उद्योगखात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांस एक गोष्ट उमगली, ती ही की, परदेशी भट्ट्यांवाचून अडून बसण्याचे कारण नाही, कारण जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली स्थापन झालेली आणि म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिलेली विज्ञानसंस्था बंगळुरातच आहे. तेथील प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी तेल काढण्याची रीत बसविली, आणि १९१६ मध्ये बंगळुरात सरकारी कारखाना सुरू झाला. हे काम मोठ्या चिकाटीचे असते. गाभ्याच्या लाकडाचा भुगा करून त्यातून दिवसचे दिवस वाफ खेळवावी लागते, आणि निघणारे फिकट पिवळे, दाट तेल पाण्याहून किंचितच हलके असल्यामुळे वेगळे व्हायलाही वेळ घेते. शंभर शेर लाकडामागे पाचएक शेर तेल मिळाले तरी समाधान मानावे. याच तेलाचा साबण करणारा कारखाना १९१८ मध्ये निघाला, आणि त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे.

तथापि हे तेल त्या काळी केवळ सुगंधासाठी विकले जात नसे. युरोपातील औषधसूचींत त्याची नोंद होती. परमा आणि मूत्रमार्गाचा दाह यांवर ते पोटात दिले जाई. पुढे सल्फा औषधे आणि पेनिसिलिन आली, वैद्यकातून चंदनाची उचलबांगडी झाली, आणि त्याच्या दाहशामक गुणाचा विचारही तिच्याबरोबर मागे पडला. माझ्या मते येथे मोठी गल्लत झाली: जंतू मारणे आणि दाह शमविणे ही दोन भिन्न कार्ये असून, पहिल्यात हरलेले द्रव्य दुसऱ्यात निरुपयोगी ठरत नाही.

जंतूच्या आवरणाचा अंश शरीराच्या रक्षक पेशीला लागला की, पेशीद्रव्यात अडकवून ठेवलेले एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन मोकळे होऊन केंद्रकात शिरते आणि दाहकारक द्रव्ये निर्माण करण्याचा हुकूम सोडते. त्वचेच्या पेशींतही असाच प्रकार घडतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मानवी त्वचेच्या पेशींना असे डिवचून पाहिले, तेव्हा चंदनतेलाने, तसेच त्यातील आल्फा आणि बीटा सँटॅलॉल या घटकांनी, दाहाचे निरोप पोहोचविणाऱ्या कित्येक द्रव्यांची निर्मिती घटविल्याचे आढळले. चंदनासारख्याच दुसऱ्या घरगुती द्रव्याचा असा अभ्यास खुद्द बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत झाला आहे: तेथे गोविंदराजन पद्मनाभन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदीतील कर्क्युमिन हाती घेतले. २००५ मध्ये हिवतापाच्या जंतूंवरील त्याचा परिणाम दाखविल्यावर, पुढे उंदरांवरील प्रयोगांत, आर्टीथर या औषधाच्या जोडीने दिलेले कर्क्युमिन प्रतिकारशक्तीलाच वळण लावून रोग उलटू देत नाही, असेही त्यांनी प्रसिद्ध केले.

काचपात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे, हे भान अर्थात सुटता कामा नये. या प्रयोगांचा हवाला देऊन चंदनतेल पोटात घेण्याच्या फंदात कोणीही पडू नये.

कर्नाटक सरकारने २००१ मध्ये कायदा बदलून चंदनाच्या झाडाची मालकी जमीनधारकास दिली. परंतु तोवर चोरतोडीने जंगले उजाड झाली होती, आणि आज भारतीय चंदनाच्या विस्तीर्ण बागा ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात उभ्या आहेत. ज्या शहराने या वृक्षाचे तेल यंत्राने काढून दाखविले, त्याच शहराच्या प्रयोगशाळांनी त्याचा दाहशामक गुण रुग्णांवरील शिस्तशीर चाचण्यांतून तपासावा, आणि ज्यांच्यापाशी जमीन आहे त्यांनी निदान चार रोपे लावून ती राखावीत, एवढे मागणे करावेसे वाटते.