टेका, टीक आणि फॉरेस्टवाले

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या परिसरात ‘जंगल’ आणि ‘फॉरेस्ट’ हे दोन्ही शब्द रोज कानावर पडतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. मोह वेचायला, सरपणाला माणूस जातो तो जंगलात. फॉरेस्ट म्हणजे खातं: फॉरेस्टवाले येतात, गाडी अडवतात, कसायला घेतलेली जमीन ‘फॉरेस्टची’ निघते. झाडांचा अर्थ गळाला, खेड्यात शब्द बिघडला, असं यावर कुणी म्हणेल. मला ते उलटं वाटतं. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचमधून ‘फॉरेस्ट’ तिथे पोचला, तो कायद्याचा शब्द म्हणून. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘बाहेर’ या अर्थाचा शब्द आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजाच्या शिकारीसाठी राखलेला, वेगळ्या कायद्याखाली घातलेला मुलूख तो फॉरेस्ट. त्यात माळ, दलदल, माणसांची गावंसुद्धा येत. झाडीला ‘वुड’ हा इंग्रजांचा स्वतःचा शब्द होताच. राजाचा वचक ओसरत गेला तसा ‘फॉरेस्ट’ हळूहळू झाडांवर स्थिरावला. आपल्याकडे 1864मध्ये वनखातं उभं राहिलं, 1878च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली, आणि चांद्याच्या, म्हणजे आपल्या तेव्हाच्या जिल्ह्याच्या, रानात हा शब्द पुन्हा कायद्याचाच हात धरून आला. ज्यांच्यावर तो कायदा चालला त्यांनी शब्दाचा सर्वांत जुना अर्थ अचूक ओळखला.

एका शब्दाचा हा प्रवास पाहिला की प्रश्न पडतो, इंग्रजीत नवे शब्द कसे होतात? याची उत्तरं व्याकरणाच्या पुस्तकांत असतात: प्रत्यय लावून, समास करून, शब्द तोडून, परक्यांकडून घेऊन. हे खरंच आहे, पण ही झाली अवजारांची नावं. माझं म्हणणं असं, की जुना शब्द नव्या माणसांच्या हाती जातो तेव्हाच तो नवा होतो. ‘जंगल’च पाहा. संस्कृतात ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. आपल्या भाषांनी त्याचं दाट रान केलं. अठराव्या शतकात कंपनीच्या अंमलदारांनी तो इंग्रजीत नेला. किपलिंगचं ‘जंगल बुक’ 1894 सालचं. त्यातली सिवनीची टेकाडं आणि आपला चांदा जिल्हा तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. पुढे सिमेंटच्या शहरालाही इंग्रजीने जंगलच म्हटलं.

सागाची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. मराठीतला साग संस्कृत ‘शाक’वरून आला. इंग्रजीतला ‘टीक’ मात्र मलबारातला. मल्याळम ‘तेक्कु’ पोर्तुगिजांनी ‘तेका’ म्हणून उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला. आता आलापल्लीत या. गोंडीत या झाडाला ‘टेका’ म्हणतात, तेलुगूत ‘टेकु’. गडचिरोलीत ठायी ठायी भेटणारं टेकाम हे आडनाव याच झाडाचं. हा योगायोग असेल, अशी शंका रास्त आहे. पण गोंडी, तेलुगू आणि मल्याळम एकाच द्राविड कुळातल्या भाषा आहेत. शब्द बहिणी-बहिणींच्या घरी राहिला, त्यातल्या एका घरातून तो समुद्रापार गेला. म्हणजे ‘टीक’ची मोजदाद करायला साहेब आलापल्लीत आला तेव्हा झाडाचं नाव त्याच्या वहीत आणि तोडणाऱ्या गोंड मजुराच्या तोंडी जवळजवळ एकच होतं. दोघांच्या मधल्या मराठी कारकुनाचा साग तेवढा वेगळा.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. शब्द असे आपोआप हात बदलून नवे होत असतील, तर मुद्दाम शब्द घडवण्याला अर्थच उरत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर शासनाने कोश करून घेतले आणि गार्डाचा वनरक्षक, फॉरेस्टरचा वनपाल, रेंजचं परिक्षेत्र, बीटचं नियतक्षेत्र झालं. ती मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. वनरक्षक चांगला रुळला. भरतीच्या जाहिरातीपासून पोरांच्या अभ्यासापर्यंत तोच शब्द आहे, कारण ते पद मिळवायला पोरं धडपडतात. नियतक्षेत्र पाटीवर राहिलं आणि बोलण्यात बीटच उरलं, कारण त्या पाटीशी कुणाला काही कर्तव्य नव्हतं. उलट ‘कूप’, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, हा शब्द कुणी घडवला नाही. तोड या अर्थाचा हा फ्रेंच शब्द वनखात्याच्या इंग्रजीतून आला आणि इतका मुरला की कूपाला, कूपातला अशी त्याची रूपं चालतात. संस्कृतातल्या विहिरीशी त्याची गल्लत होत नाही.

‘टीपी’ही तसाच. ट्रान्झिट पास या दोन शब्दांची पहिली अक्षरं, तोडून जोडलेली; तिच्याशिवाय लाकूड-बांबूची गाडी नाक्यावरून हलत नाही. कितीतरी वर्षं ही टीपी मागायची वस्तू होती. एप्रिल 2011मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून तिथे टीपी ग्रामसभा फाडून देते.