दोन इंच बर्फात अख्खं शहर कसं अडकतं? अटलांटा, २८ जानेवारी २०१४

रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. बाबांचा फोन आला. "अरे, टीव्हीवर तुमचं अटलांटा दाखवतायत. किती बर्फ पडलाय?"

"दोन-अडीच इंच."

"फूट म्हणायचंय का तुला?"

नाही, इंचच. मी दुपारी दीडला ऑफिसमधून निघालो होतो. साडेसात तासांत गाडी ११ किलोमीटर पुढे सरकली होती आणि घर अजून तेवढंच लांब होतं. मुलगी शाळेतच होती. तिची बस अर्ध्या रस्त्यातून परत फिरली होती, म्हणून सगळी मुलं जिममध्ये झोपणार होती. त्या रात्री अटलांटा परिसरातल्या दोन हजारांहून जास्त मुलांना शाळेतच मुक्काम करावा लागला. आय-२८५ या रिंगरोडवर अडकलेल्या एका गाडीत तर बाळाचा जन्म झाला.

"इतक्याशा बर्फाने?" हा बाबांचा प्रश्न अगदी योग्य होता. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. एवढ्या पाण्यात कुठलंही शहर थांबेल. पण अडीच इंच बर्फ म्हणजे शिकागोवाले नेहमीसारखे कामावर जातात. मग अटलांटा का थांबलं? त्या रात्री गाडीत बसून मला याचं उत्तर नीट सापडलं नव्हतं. नंतर वाचून, समजून घेतलं, ते इथे सांगतो.

सगळे एकाच वेळी निघाले

मूळ कारण हेच. हवामान खात्याने आदल्या दिवशीच वादळाची शक्यता सांगितली होती आणि २८ तारखेच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास ठोस इशाराही दिला होता. तरीही सकाळी शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या सगळं नेहमीसारखं सुरू झालं. दुपारच्या सुमारास बर्फ पडायला लागला, आणि मग सगळ्यांनी जवळजवळ एकाच वेळी सुट्टी दिली. आमच्या ऑफिसमध्ये ईमेल आला आणि पाच मिनिटांत लिफ्टसमोर रांग लागली. (मीही त्यात होतो, हे कबूल करतो.)

आता थोडं गणित. हायवेची एक लेन चांगल्या हवेत तासाला साधारण २,००० गाड्या पुढे पाठवू शकते. समजा, चार लेनचा रस्ता आहे, म्हणजे तासाला ८,००० गाड्या. रोज संध्याकाळी २४,००० गाड्या तीन तासांत विभागून येतात, त्यामुळे कसंबसं निभावतं. त्याच २४,००० गाड्या एका तासात आल्या तर १६,००० गाड्यांना जागाच नाही. त्यात आणखी एक गोम आहे. रस्ता भरला की त्याची क्षमता तेवढीच राहत नाही, ती घटते. गाड्या एकमेकींना चिकटून रखडत चालल्या की लेनमधून तासाला निम्म्याही गाड्या पुढे जात नाहीत. म्हणजे रस्त्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो सगळ्यात कमी काम करतो.

हे सगळं अजून कोरड्या रस्त्याचं चाललंय. बर्फ तर पुढे आहे.

बर्फाची काच

ताज्या भुसभुशीत बर्फावर हळू गाडी चालवता येते. घोटाळा होतो तो त्या बर्फावरून हजारो टायर गेल्यावर. टायरच्या दाबाने आणि घर्षणाने वरचा थर थोडा वितळतो, इंजिन आणि धुराड्याची ऊब त्यात भर घालते. हवा शून्याखाली असेल तर हे पाणी लगेच पुन्हा गोठतं, आणि तयार होते गुळगुळीत काच. गाड्या जितक्या हळू आणि जितक्या जवळजवळ, तितकी ही काच पक्की. थोडक्यात, आम्हीच आमच्या खालचा रस्ता घोटून गुळगुळीत करत होतो.

कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ च्या आसपास असतो, बर्फाच्या काचेवर ०.१ च्या आसपास. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते, काचेवर जवळपास १०० मीटरमध्ये.

पण माझ्या मते ब्रेकपेक्षा चढ जास्त त्रास देतो, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. अटलांटा सपाट शहर नाही, चढउतारांचं आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढे असतं. गुणांक ०.१ असेल तर अशी गाडी जेमतेम ६ टक्के चढ चढू शकते, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर. एरवी असा चढ जाणवतही नाही. त्या दिवशी तिथे एका गाडीची चाकं जागच्या जागी फिरायला लागली की मागची शंभर माणसं अडकली. आमच्या सोसायटीच्या तोंडाशी असाच एक चढ आहे. त्यामुळे बायको घरी असूनही मुलीला आणायला जाऊ शकली नाही.

मोठे १८ चाकी ट्रक तर आणखी वाईट. शहरातून नुसते पलीकडे जाणारे ट्रक आतल्या हायवेवर चालत नाहीत, त्यांना आय-२८५ नेच जावं लागतं. असा ट्रक घसरून कात्रीसारखा दुमडला की तीन-चार लेन एकदम बंद.

मिठाचा ट्रक का आला नाही?

मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, म्हणून रस्त्यावर मीठ किंवा मिठाचं पाणी टाकतात. ते बर्फ पडायच्या आधी टाकलं तर बर्फ डांबराला चिकटत नाही. नंतर टाकायचं तर ट्रकला मोकळा रस्ता हवा. रस्ता मोकळा व्हायला मीठ हवं, आणि मीठ टाकायला रस्ता मोकळा हवा! एकदा जाम झाला की मीठ टाकणारा ट्रक, क्रेन, पोलीस सगळे त्याच रांगेत. दक्षिणेकडच्या शहरात असा बर्फ क्वचितच पडतो, त्यामुळे यंत्रंही कमी. त्यात अटलांटा महानगर म्हणजे एकच शहर नाही. त्या वेळी परिसरात सुमारे ५५ लाख लोक राहत होते, पण खुद्द अटलांटा शहरात साडेचार लाखांच्या आसपास. हायवे राज्य सरकारचे, गल्ल्या त्या-त्या शहराच्या, शाळा वेगळ्याच मंडळांच्या. सुट्टी कधी द्यायची हे सगळ्यांनी मिळून ठरवण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

आणि फोनवरचा नकाशा?

हा आपल्या वाचकांचा आवडीचा भाग. नकाशाचं ॲप रस्त्यावरच्या फोनचा वेग बघून रस्ता लाल की हिरवा हे ठरवतं. हायवे गडद लाल झाला की ते बाजूची गल्ली सुचवतं. पण ती गल्ली मोकळी आहे, की तिथला चढ चढताच येत नाही म्हणून तिथे कुणी नाही, यातला फरक फक्त वेगावरून कळत नाही. रस्त्यावर फोनच नसतील तर ॲप नेहमीच्या वेगाचा अंदाज धरून चालतं. संध्याकाळी सहाला मला अशीच एक "१२ मिनिटं वाचवणारी" गल्ली मिळाली. तिच्या उतारावर सात-आठ गाड्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या. मी रिव्हर्स घेत परत आलो, त्यात चाळीस मिनिटं गेली.

खरा उपयोग झाला फेसबुकवरच्या ग्रुपचा. कोणत्या चौकात गाडी घसरतेय, कोणाच्या घरी झोपायला जागा आहे, हे माणसं स्वतः लिहीत होती. साडेदहाला मी गाडी कडेला लावली आणि रात्रभर उघड्या ठेवलेल्या एका दुकानात पुठ्ठ्यावर झोपलो. सकाळी चालत शाळेत गेलो. मुलीने विचारलं, "आज पण इथेच राहायचं का?" तिला मजा आली होती.

राज्यात हजाराहून जास्त अपघात नोंदले गेले. वादळ अनपेक्षित होतं असं गव्हर्नर नेथन डील आधी म्हणाले, नंतर त्यांनी माफी मागितली.

दोन आठवड्यांनी, १२ फेब्रुवारीला, अटलांटात आणखी वाईट वादळ आलं. या वेळी नुसता बर्फ नव्हता, गोठणारा पाऊसही होता. फांद्या तुटल्या, तारा तुटल्या, जॉर्जियात लाखो लोकांची वीज गेली. पण शाळा आणि ऑफिसं आधीच बंद ठेवली होती. मी खिडकीतून पाहिलं तर हायवे रिकामा होता आणि त्यावरून मिठाचे ट्रक चालले होते. त्याच दुपारी उत्तर कॅरोलिनातल्या रॅलीमध्ये सगळी ऑफिसं एकदम सुटली, आणि तिथल्या एका चढावर बर्फात पेटलेल्या गाडीचा फोटो जगभर फिरला.

बाबांनी तो फोटो पाहून लगेच फोन केला. मी म्हटलं, "मी घरीच आहे."